सांडपाण्याची वाट : पिरब्राइट, २००७

बाहेर पडायचं तर आधी अंगावरचे सगळे कपडे आत सोडायचे. डोक्यावरून शॉवर घ्यायचा, केस धुवायचे, चष्मा असेल तर तोही धुवायचा, आणि पलीकडच्या खोलीत ठेवलेले आपले कपडे घालून घरी जायचं. त्यानंतरही काही दिवस गाई, डुकरं, मेंढ्या असतील तिकडे फिरकायचं नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कमी दाबाची ठेवायची, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर सोडायची हवा बारीक फिल्टरमधून गाळायची. लाळ्या खुरकुताच्या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचे हे रोजचे नियम. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, पिरब्राइट गावाजवळच्या संकुलात ते वर्षानुवर्षं पाळले जात होते. आणि त्याच संकुलाचं सांडपाणी ज्या पाइपांतून शेवटच्या प्रक्रियेकडे जात होतं, त्या पाइपांचे सांधे सरकलेले होते, त्यांना तडे गेलेले होते आणि आत झाडांची मुळं शिरलेली होती.

प्रयोगशाळेच्या सुरक्षेबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर कुंपण, कॅमेरे, ओळखपत्र, रात्रीचा पहारा येतो. पिरब्राइटचं प्रकरण मी वेगळ्या कारणासाठी निवडलं आहे. इथे चोर आला नाही, जनावर पळालं नाही, कोणी शास्त्रज्ञ नियम धाब्यावर बसवून विषाणू खिशात घालून गेला नाही. जमिनीखालचा एक पाइप होता, तो खराब आहे हे कागदोपत्री ठाऊक होतं, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरत नव्हतं.

एका आवारात तिघं

पिरब्राइटच्या आवारात तेव्हा मुख्यतः दोन संस्था होत्या. एक, इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅनिमल हेल्थ. ही सरकारी पैशावर चालणारी संशोधन संस्था. लाळ्या खुरकुतावर इथे १९२४ पासून काम चालू आहे, आणि या रोगाची जागतिक संदर्भ प्रयोगशाळाही इथेच. दुसरी, मेरिअल ही खाजगी कंपनी. ती याच रोगाची लस बनवायची, आणि तिची इमारत संस्थेकडून भाड्याने घेतलेली होती. शिवाय याच विषाणूवर थोडं काम करणारी एक छोटी कंपनी होती. रस्ते, गेट आणि ड्रेनेज सामाईक. घरमालक संस्था, भाडेकरू कंपनी.

लस बनवायची म्हणजे विषाणू मुबलक वाढवायचा आणि मग तो मारायचा. संस्थेतल्या प्रयोगांना एका वेळी १० मिलिलिटरही लागत नसत. मेरिअलच्या टाक्यांत हजारो लिटर द्रव असायचा. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

या विषाणूची एक दुखरी नस आहे : त्याला आम्ल सोसत नाही. सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की तो पटकन निकामी होतो, आणि फार चढलेला सामूही त्याला मानवत नाही. म्हणून सांडपाण्यावर दोन टप्प्यांत प्रक्रिया व्हायची. मेरिअल आपल्या इमारतीत सायट्रिक आम्ल घालून पाणी पुढे सोडायची. ते पाइपांतून संस्थेच्या टाक्यांकडे जायचं, तिथे कॉस्टिक सोडा घालून काही तास ठेवायचं आणि मगच बाहेर. आम्लाच्या टप्प्यात सगळेच विषाणू मरतात असं नव्हतं. पेशींच्या तुकड्यांत अडकलेले काही तगू शकतात. म्हणून तर दुसरा टप्पा होता. तेव्हा या दोन टप्प्यांच्या मधल्या पाइपात जे वाहत होतं ते जिवंत विषाणूचं पाणी असू शकतं, हे व्यवस्थेनेच मान्य केलेलं होतं. फक्त त्या पाइपाकडे कोणी प्रयोगशाळेची भिंत म्हणून पाहत नव्हतं. तो साधा ड्रेनेजचा पाइप होता, आणि ड्रेनेजचे पाइप जुने झाले की जसे होतात तसाच तो झाला होता.

३ ऑगस्ट

गुरुवार, २ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी सरेतल्या एका शेतकऱ्याच्या गुरांबद्दल संशय कळवला गेला आणि शुक्रवारी, ३ तारखेला निदान पक्कं झालं : लाळ्या खुरकूत. आपल्याकडचं हे नावच लक्षणं सांगतं. तोंडातून तार धरून गळणारी लाळ, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, लंगडणं. माणसाला त्याचा त्रास जवळजवळ नाही. पण दुभत्या जनावराचं दूध आटतं, वासरं दगावतात, आणि रोग इतक्या वेगाने पसरतो की देशोदेशीचा व्यापार पहिल्याच दिवशी दारं लावून घेतो.

ब्रिटनला याची धास्ती असण्याचं कारण ताजं होतं. २००१ च्या साथीत २,०२६ ठिकाणी रोग निघाला होता आणि ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली होती. चितांचे धूर लोकांच्या डोळ्यांसमोरून गेले नव्हते. या खेपेला हालचाल झपाट्याने झाली. देशभर जनावरांची ने-आण बंद. बाधित शेताभोवती ३ किलोमीटरचं संरक्षण क्षेत्र, १० किलोमीटरचं निगराणी क्षेत्र. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना पद घेऊन सहा आठवडेही झाले नव्हते. ते सुट्टीवर पोचतात न पोचतात तोच लंडनला परतले.

नमुने तपासणीला गेले ते पिरब्राइटलाच. देशाची संदर्भ प्रयोगशाळा तीच, दुसरीकडे जाणार कुठे? शनिवारी उत्तर आलं : हा प्रकार ‘ओ१ बीएफएस १९६७’. ब्रिटनमधल्या १९६७ च्या साथीतून वेगळा काढलेला विषाणू. तो बाहेरच्या जगात हल्ली फिरत नव्हता. तो प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये आणि लसीच्या टाक्यांत होता. बाधित शेतापासून जवळची अशी प्रयोगशाळा चार-पाच किलोमीटरवर होती, आणि हा अहवाल तिथेच लिहिला गेला होता.

आणखी एक गोष्ट घडली. वेळ आलीच तर टोचायला हाताशी हवी म्हणून सरकारने ३ लाख मात्रांची लस तयार करायला सांगितली. ती बनवणार कोण? मेरिअल. आग ज्या घरातून लागल्याचा संशय, पाण्याचा बंबही त्याच घरात. लस शेवटी वापरली गेली नाही.

बोट कुठे दाखवायचं

पहिले काही दिवस वर्तमानपत्रांत घातपाताची कुजबुज होती. घातपात असला की सोय होते. दोष बाहेरच्याचा, उपाय म्हणजे कुंपण आणखी दोन फूट उंच. चौकशी करणाऱ्यांनी घाई केली नाही. आरोग्य आणि सुरक्षा पाहणारी सरकारी यंत्रणा एचएसई आणि इम्पीरियल कॉलेजचे प्राध्यापक ब्रायन स्प्रॅट अशा दोन चौकश्या चालल्या. दोन्हींचे अहवाल ७ सप्टेंबरला आले. हवेतून विषाणू गेला असेल का, पुराच्या पाण्याने नेला असेल का, माणसाच्या अंगावरून गेला असेल का, हे एकेक तपासून बाजूला सारलं गेलं. हवेच्या फिल्टरांत दोष सापडला नाही. ड्रेनेजमध्ये मात्र सापडला.

पाइपांत कॅमेरे सोडून पाहिलं तेव्हा सांधे सुटलेले, तडे आणि मुळं दिसली. चेंबरांची झाकणं घट्ट बसणारी नव्हती. त्या वर्षी मे ते जुलै या तीन महिन्यांत इंग्लंड आणि वेल्समध्ये १७६६ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त पाऊस झाला होता. जुलैच्या उत्तरार्धात तर दक्षिण इंग्लंडचे काही भाग पाण्याखाली होते. अशा वेळी गळका पाइप दोन्ही बाजूंनी गळतो : जमिनीतलं पाणी आत येतं, आतलं बाहेर जातं, आणि चेंबर तुंबला की वरूनही वाहतं.

आता इथे पाहण्यासारखं आहे. त्याच दिवसांत आवारात बांधकाम चालू होतं. ते का? तर जुन्या प्रयोगशाळा मोडीत काढून नव्या, जास्त सुरक्षित इमारती उभ्या करण्याच्या योजनेसाठी. खोदकाम त्या पाइपांजवळ चाललं होतं. ठेकेदारांच्या गाड्या ओल्या, उकरलेल्या मातीवरून जात होत्या. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या शास्त्रज्ञाला केस धुवावे लागत होते. डंपरची चाकं धुतली जातात का, कोणती गाडी कधी आली आणि कुठे गेली, याची नोंद मात्र धड नव्हती. आवारातून निघालेल्या काही गाड्यांचा रस्ता नॉर्मंडी गावातून, पहिल्या बाधित शेताकडे फुटणाऱ्या वाटेवरून गेला होता. चौकशीने हाच मार्ग सर्वांत संभवनीय ठरवला : मेरिअलच्या मोठ्या उत्पादनातून जिवंत विषाणू ड्रेनेजमध्ये, ड्रेनेजमधून मातीत, मातीतून चाकांवर, चाकांवरून रस्त्यावर, रस्त्यावरून गाईच्या नाकापर्यंत. साखळीची प्रत्येक कडी कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण दुसरी कोणतीही साखळी इतकी जुळत नव्हती.

गाईला हा रोग व्हायला विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात. आवारातल्या मातीत ‘थोडंसंच’ गळलं असेल हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

पाइप कोणाचा?

पाइपांची स्थिती ठीक नाही ही चिंता २००३ पासून कागदांवर होती. म्हणजे गळती होण्याआधी चार वर्षं. संस्था, मेरिअल आणि सरकारी खातं यांच्यात बोलणी झाली, पत्रं गेली आली. पाइप संस्थेच्या मालकीचे, त्यांतून वाहणारा बराचसा धोका भाडेकरूचा, आणि संस्थेला पैसे सरकारकडून. प्रत्येकाच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येकाचं म्हणणं तर्काला धरून आहे, आणि हेच मला या प्रकरणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. भाड्याच्या घरातला गळका नळ घरमालकाने बदलायचा की भाडेकरूने, हा वाद कोणत्याही चाळीत ऐकू येतो. इथे नळात लाळ्या खुरकूत होता.

संशोधन संस्थेच्या अंदाजपत्रकात नवं उपकरण मागितलं तर त्यातून शोधनिबंध निघतात, त्यासाठी भांडणारा माणूस असतो. ड्रेनेजसाठी भांडणारा माणूस कोण असतो? देखभाल विभागाचा प्रमुख. बैठकीत त्याची पाळी शेवटी येते, आणि तोवर चहा येऊन गेलेला असतो. त्यात नव्या इमारती होणारच आहेत म्हटल्यावर जुन्या पाइपांवर पैसे कशाला घालायचे, हा विचारही सहज शिरतो. असा विचार कोणी केला असा आरोप मी करत नाही. पण जिथे जिथे ‘लवकरच नवं होणार आहे’ असतं, तिथे जुन्याची हेळसांड होते, हे पाहिलेलं आहे.

राखणदार आणि गिऱ्हाईक

नियम नव्हते असं मुळीच नाही. उलट, एकाच इमारतीवर तीन-तीन डोळे होते. प्रयोगाला वापरलेल्या जनावराला किती वेदना द्यायची, कोणी द्यायची, कोणत्या परवान्यावर, हे १९८६ च्या प्राण्यांवरील वैज्ञानिक प्रयोगांच्या कायद्याने गृहखातं पाहायचं. कामगारांची सुरक्षा, आणि जनुकीय बदल केलेले जंतू, एचएसई पाहायची. प्राण्यांच्या रोगजंतूंसाठी १९९८ चा वेगळा आदेश होता. त्याचा परवाना शेती आणि पर्यावरण सांभाळणारं डेफ्रा हे खातं द्यायचं आणि तपासणीही तेच करायचं. लाळ्या खुरकुताचा विषाणू या आदेशातल्या सर्वांत कडक म्हणजे चौथ्या वर्गात.

आता हेच डेफ्रा संस्थेचं मोठं गिऱ्हाईकही होतं. रोगनिदान त्याला संस्थेकडून हवं, संशोधन संस्थेकडून हवं, लसीचा साठा मेरिअलकडून हवा. साथ आली तर सगळी भिस्त याच आवारावर. अशा खात्याच्या तपासनीसाने ‘पाइप बदलेपर्यंत टाक्या बंद’ असं लिहायचं म्हणजे आपल्याच खात्याची ढाल काढून घ्यायची. तपासनीस भ्रष्ट नव्हते. परवाना थांबवायचा अधिकार कागदावर शाबूत होता, फक्त तो वापरणं त्या खुर्चीवरून फार जड होतं. २००३ ते २००७ या काळात पाइपांचा प्रश्न चर्चेत राहिला आणि परवाने चालू राहिले.

स्प्रॅट यांच्या अहवालातला मला पटलेला मुद्दा असा : चौथ्या वर्गाची हद्द इमारतीच्या भिंतीशी संपत नाही. शेवटच्या टाकीत कॉस्टिक सोड्याचे तास पुरे होईपर्यंत पाणी ‘आत’च आहे असं धरायला हवं, आणि त्याला वाहून नेणारा पाइप, चेंबर, झाकण हे सगळं त्याच कडक नियमांत यायला हवं. वाचताना हे इतकं उघड वाटतं की कोणाला सुचलं नसेल यावर विश्वास बसत नाही. पण नकाशावर पाहिलं तर इमारती ठळक रेषेने काढलेल्या असतात आणि ड्रेनेज तुटक रेषेने.

कुठलीही तपासणी करायला जाताना मी आता आधी तुटक रेषा बघतो.

सप्टेंबरचा चकवा

ऑगस्टमध्ये दोन शेतं बाधित निघाली. मग शांतता. ८ सप्टेंबरला निर्बंध उठले, लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. १२ तारखेला सरेच्याच उत्तर टोकाला एगमजवळ पुन्हा रोग निघाला. आता प्रश्न असा की दुसरी गळती झाली, की पहिलीच आग राखेखाली धुमसत होती?

उत्तर दोन प्रकारांनी मिळालं. पशुवैद्यक जनावराचं तोंड उघडून फोडाचं वय सांगतात. भरलेला फोड ताजा, फुटून लाल झालेला दोन-तीन दिवसांचा, कडा भरत आलेला आठवड्यावरचा, आणि वण राहिलेला त्याहून जुना. एका शेतावरचे फोड असे जुने निघाले. तिथे रोग आधीच येऊन गेला होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. दुसरा पुरावा जनुकांचा. या विषाणूच्या जनुकसाखळीत आठ हजारांवर अक्षरं असतात आणि एका कळपातून दुसऱ्यात जाताना त्यांतली मोजकी काही बदलतात. प्रत्येक शेतावरच्या विषाणूची पूर्ण साखळी वाचून कोणाकडून कोणाकडे गेला याची वंशावळच मांडता आली. सप्टेंबरची प्रकरणं ऑगस्टच्याच विषाणूची पिलावळ होती आणि तो न दिसलेला कळप मधला दुवा होता. ३० सप्टेंबरपर्यंत एकूण ८ ठिकाणं झाली.

८ म्हणजे २००१ च्या मानाने काहीच नाही. पण सरकारने या साथीच्या आढाव्यासाठी नेमलेल्या सर इयन अँडरसन यांच्या २००८ च्या अहवालातले आकडे असे : सरकारला ४ कोटी ७० लाख पौंड, पशुपालन व्यवसायाला १० कोटी पौंड. ज्यांच्या गोठ्यात एकही फोड दिसला नाही, त्यांचाही माल अडकला, निर्यात बंद, मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या दिवसांत बाजार बंद. ‘रोगमुक्त’ हा दर्जा परत मिळायला फेब्रुवारी २००८ उजाडलं.

भरपाई आणि जुना निवाडा

मारलेल्या जनावरांची भरपाई सरकारने दिली. बाजार बंद राहिल्याने बुडालेल्यांचं काय? इथे कायद्यात एक जुनी गोष्ट आडवी येते, आणि ती पिरब्राइटचीच आहे. १९६० च्या दशकात गिल्डफर्ड भागात गुरांचे लिलाव करणाऱ्या वेलर कंपनीने पिरब्राइटच्या संशोधन संस्थेवर दावा लावला होता. तुमच्याकडून विषाणू निसटला, आमचे बाजार बंद पडले, आमचं नुकसान भरा. न्यायाधीश विजरी यांनी विषाणू निसटला हे वादापुरतं खरं धरलं आणि तरीही दावा फेटाळला. गुरांच्या मालकांबद्दल संस्थेचं कर्तव्य आहे, लिलाव करणाऱ्यांबद्दल नाही. त्यांची गुरं मेली नाहीत, फक्त पैसे बुडाले. हा निवाडा तेव्हापासून कायद्याचे विद्यार्थी पाठ करत आले आहेत. २००७ नंतर न बाधलेल्या शेतकऱ्यांनी कोर्टाची पायरी चढली तेव्हा तोच पुन्हा समोर आला. फौजदारी खटला झालाच नाही. पुरेसा पुरावा नाही असं स्थानिक प्रशासनाने २००८ मध्ये ठरवलं.

सर बिल कॅलहन यांच्या समितीने माणसांच्या आणि जनावरांच्या रोगजंतूंसाठी एकच चौकट आणि एकच नियामक, एचएसई, असावा असं सुचवलं. ते मानलं गेलं. डेफ्राकडे धोरण राहिलं, तपासणी एचएसईकडे गेली. संस्थेचं नाव पुढे पिरब्राइट इन्स्टिट्यूट झालं आणि नवी प्रयोगशाळा उभी राहिली.

दरम्यान पाइपांना आतून नवं अस्तर घातलं गेलं आणि मेरिअलला पुन्हा काम सुरू करायची परवानगी मिळाली. नोव्हेंबर २००७ मध्ये, म्हणजे सगळ्या देशाचं लक्ष या आवारावर असताना, मेरिअलच्या यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह गळला आणि जिवंत विषाणूचा द्रव ड्रेनेजमध्ये उतरला. परवाना लगेच स्थगित झाला. द्रव अस्तर घातलेल्या पाइपांतून शेवटच्या टाक्यांकडे गेला, आणि या खेपेला कोणत्याही शेतावर काही निघालं नाही.